दार कोणीकडे आहे?

(लातूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी विषय कळवला तेव्हा मी थोडा बिचकलो. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाने वास्तुकलेवर बोलावे, आणि तेही गावात नवे हॉटेल उभे राहिले म्हणजे त्याच्या इमारतीविषयी लोकांना काय वाटते यावर, हा आगंतुकपणाच झाला. शिवाय अशा विषयाकडे पाहण्याची आपल्या चळवळीत एक ठरलेली रीत आहे. हॉटेल श्रीमंतांचे असते, त्याची इमारत देखणी की बेढब ही चर्चा पोट भरलेल्यांची असते, आणि कार्यकर्त्याने तिथे वेळ दवडू नये. मीही कित्येक वर्षे हेच मानत आलो. ते मानणे चुकीचे होते हे मला उशिरा कळले, आणि ते सांगावे म्हणून काल लोहा-अहमदपूर मार्गे एस.टी.ने इथे आलो.

प्रथम माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी नांदेडात आमच्या वस्तीच्या तोंडाशी असलेला एक जुना वाडा पाडला गेला आणि तिथे हॉटेल उभे राहिले. त्याचे नाव सांगत नाही, कारण तशी हॉटेले आता आपल्याकडे प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. सहा मजले, पश्चिमेकडची दर्शनी बाजू सगळी निळ्या काचेची, आणि दारापाशी रोमन धाटणीचे दोन खांब, ज्यांच्यावर कसलेच ओझे नाही. परांची उतरल्या त्या दिवशी सगळी वस्ती रस्त्यावर उभी राहून वर पाहत होती. तरुण मुले खूष होती. नांदेड आता पुण्यासारखे दिसू लागले, असे एकाने मोठ्याने सांगितले. आमच्या शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांना ती इमारत औषधाच्या बाटलीसारखी वाटली. समोरच्या केशकर्तनालयाचा मालक म्हणाला, ‘गुरुजी, आता आमच्याकडं दोन सूर्य झाले. सकाळी खरा, दुपारी काचेतला.’ त्या वेळी मी हसलो. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला आणि त्याच्या दुकानात काचेवरून परतलेल्या उन्हाचा पट्टा पडू लागला, तेव्हा तो विनोद नव्हता हे लक्षात आले.

वस्तीतल्या लोकांनी अर्ज केला. त्यातले मुख्य वाक्य असे होते की, सदर इमारत विद्रूप असून वस्तीच्या शोभेस बाधक आहे. अर्जावर सही घेण्यासाठी ते माझ्याकडे आले आणि मी सही केली नाही. सौंदर्य ही ज्याच्या त्याच्या आवडीची बाब आहे, ती अर्जाने ठरत नसते, असे एक छोटेसे व्याख्यानही मी त्यांना दिले. पुढे अर्जाला उत्तर आले, तेही माझ्या व्याख्यानाच्याच वळणाचे होते. शोभा हा विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. प्रकरण तिथेच संपले.

मित्रहो, त्या ‘विद्रूप’ या शब्दाच्या पोटात काय होते ते मी त्या दिवशी विचारायला हवे होते. हॉटेलच्या पायऱ्या पदपथावर दोन हात पुढे आल्या होत्या. वाड्याच्या कोपऱ्यावरचे निंबाचे झाड गेले होते आणि त्याखाली बसणारा चांभार उठला होता. वरच्या मजल्यांच्या खिडक्या मागच्या घरांच्या मोऱ्यांवर आणि अंगणांवर उघडत होत्या. बायकांना अंगणात न्हाणे अशक्य झाले होते, आणि ही गोष्ट अर्जात लिहायची त्यांना लाज वाटली. हॉटेलची कूपनलिका आमच्या सगळ्यांच्या कूपनलिकांहून खोल गेली होती. या प्रत्येक तक्रारीला कायद्यात नाही तरी व्यवहारात काही उत्तर होते. परंतु लोकांपाशी या सगळ्यासाठी एकच शब्द होता, आणि शिकलेल्या माणसाचे काम तो शब्द उकलून देण्याचे होते. ते काम मी केले नाही.

लोक इमारतीला नावे ठेवतात तेव्हा ते नेमके काय बोलत असतात, हे समजण्यासाठी तुम्हा सर्वांना ठाऊक असलेले मुंबईचे उदाहरण घेऊ. अपोलो बंदरावरचे ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. त्याच्याविषयी एक आख्यायिका गेली शंभर वर्षे सांगितली जाते. हॉटेलचा नकाशा करणारा साहेब विलायतेला गेला, परत येऊन पाहतो तो इमारत उलटी बांधलेली, दार शहराकडे आणि पाठ समुद्राकडे, आणि त्या धक्क्याने त्याने जीव दिला. वस्तुतः यातले काहीही खरे नाही. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा होता. इमारत पुरी होण्याआधीच वैद्य वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ती पूर्ण केली. प्रवेश शहराच्या बाजूने ठेवला तो जाणूनबुजून, कारण पाहुण्यांच्या घोडागाड्या तिकडूनच येत. दारे पुढे समुद्राच्या बाजूला आली आणि जुन्या प्रवेशाच्या जागी आज पोहण्याचा तलाव आहे.

आख्यायिका खोटी असली तरी ती इतकी वर्षे का टिकली, हा प्रश्न उरतोच. मला दोन कारणे दिसतात. ज्या वास्तूत आपल्याला पाऊल टाकता येत नाही, तिच्या मालकाची कुठेतरी मोठी फसगत झाली असावी, ही बाहेर उभ्या असलेल्या माणसाची सुप्त इच्छा आहे. दुसरे कारण असे की, लोकांनी एक खरी गोष्ट टिपली होती. इमारतीचा चेहरा एकीकडे आणि दार दुसरीकडे होते. सामान्य माणूस इमारतीचे घुमट आणि कमानी नंतर पाहतो, आधी दार शोधतो. (जाता जाता हेही ध्यानात घ्या की, आख्यायिकेत वैद्य हे मराठी नाव गळाले आणि त्या जागी गोरा साहेब बसला. चूक करण्याचा मानदेखील आपण साहेबालाच दिला.) जमशेटजी टाटांना वॉटसनच्या हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधले, ही दुसरी लोकप्रिय कथाही अनेक अभ्यासक मान्य करीत नाहीत. परंतु तीही दाराचीच कथा आहे. कोणाला आत घेतले आणि कोणाला घेतले नाही, एवढेच लोकस्मृतीने जपले.

त्या ताजच्या शेजारचे ग्रीन्स हॉटेल पाडून तिथे उंच मनोरा बांधला गेला आणि १९७३ साली तो सुरू झाला. त्याविषयी पुष्कळ नापसंती व्यक्त झाली. घुमटाची रेषा बिघडली, गेटवे ऑफ इंडिया ठेंगणा दिसू लागला, असे जाणकार म्हणत आले. आपल्या बाजूच्या लोकांना त्या चर्चेत रस नव्हता, आणि त्याचे कारण मी समजू शकतो. १९७२ चा दुष्काळ चालू होता. मराठवाड्यातली माणसे रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो, आणि खडीच्या ढिगाशेजारी झोळीत निजवलेली मुले मला आठवतात. त्या काळात मुंबईतल्या एका मनोऱ्याच्या प्रमाणबद्धतेवर कोण बोलणार? परंतु आपण गप्प राहिल्याने एक नुकसान झाले. शहराच्या रूपावर बोलण्याचा अधिकार आपण वारसाप्रेमी उच्चभ्रू मंडळींकडे सोपवला. त्यांनी त्यांच्या परीने चांगले काम केले. १९९५ साली मुंबईला वारसा जतनाची नियमावली मिळाली ती त्यांच्याच चिकाटीने. तिने जुन्या दर्शनी भिंती वाचवल्या. पदपथावर बसणाऱ्या माणसाविषयी त्या नियमावलीला काही म्हणायचे नव्हते, आणि ते म्हणणे ही आपली जबाबदारी होती.

ताजपुरते एक मात्र मान्य केले पाहिजे. हॉटेल आणि समुद्र यांच्यामध्ये रस्ता होता, कठडा होता, आणि तो सर्वांचा होता. आतला पाहुणा आणि बाहेरचा शेंगदाणेवाला एकच समुद्र पाहत. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर सुरक्षेसाठी अडथळे आले. ते का आले याविषयी कोणी वाद घालणार नाही, तिथे माणसे मेली आहेत. परंतु अडवलेल्या रस्त्याचे आणि पदपथाचे पालिकेला काय मिळावे, यावर २०२० साली मुंबई महापालिकेत वाद झाला. पदपथाला किंमत आहे, आणि ती हिशेबात मांडता येते, एवढे तरी त्या वादाने सिद्ध केले.

याहून बोलके उदाहरण गोव्याचे आहे. दोनापावलाजवळ वायंगिणीच्या किनाऱ्यावर १९८२ साली ‘सिदाद द गोवा’ हे हॉटेल झाले. त्याचे वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया, म्हणजे या देशातले अव्वल नाव. ‘सिदाद’ म्हणजे शहर. कोरियांनी त्या हॉटेलची कल्पनाच एका लहानशा गोमंतकीय शहरासारखी केली. आत गल्ल्या, चौक, भिंतींवर रंगवलेल्या खिडक्या आणि माणसांची चित्रे. वास्तुकलेच्या दृष्टीने ती रचना नामांकित ठरली. आणि त्याच हॉटेलाविरुद्ध तिथल्या रहिवाशांची तक्रार अशी की, किनाऱ्यावर जाणारी आमची वाट अडली. चित्रातल्या गल्लीतून पाहुणे हिंडत होते आणि खऱ्या गल्लीतून जाणाऱ्यांना अडथळा होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००० साली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००९ मध्ये रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. किनारा ही जनतेच्या वतीने सरकारने सांभाळायची ठेव आहे, हे तत्त्व न्यायालयाने मांडले आणि वाट अडवणारे वाढीव बांधकाम पाडण्याचा आदेश कायम केला. पुढे काय झाले? त्याच वर्षी गोवा सरकारने भूसंपादन कायद्यात पूर्वलक्षी दुरुस्ती केली आणि बांधकाम वाचले. अवघ्या काही महिन्यांत कायदा बदलण्याची ही तत्परता सरकारने मच्छीमारांच्या एखाद्या मागणीसाठी दाखवल्याचे मला आठवत नाही.

आता आपल्याकडे येऊ. मुंबई-गोव्याचे मोजमाप मराठवाड्याला जसेच्या तसे लावले तर आपण फसू. नांदेडच्या त्या तरुणांना काचेच्या इमारतीचा अभिमान वाटला, त्याची चेष्टा करण्याचा मला अधिकार नाही. दांडेकर समितीने १९८४ साली आपला अनुशेष आकड्यांत मांडला. सिंचनाचा, रस्त्यांचा, शिक्षणाचा. मी तो अहवाल वर्गात वर्षानुवर्षे शिकवला. पण अनुशेष माणसाच्या मनातही साचतो आणि त्याचा तक्ता कोणत्याही समितीने केला नाही. पाहुणा आला तर त्याला उतरवायला बरी जागा नाही, म्हणून औरंगाबाद किंवा हैदराबादकडे बोट दाखवणाऱ्या गावात सहा मजली हॉटेल उभे राहते, तेव्हा लोकांना आपला अनुशेष थोडा भरून निघाल्यासारखे वाटते.

आणि लातूरला आणखी एक कारण आहे, जे पुण्या-मुंबईच्या सौंदर्यतज्ज्ञांना कधी कळायचे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जी हजारो माणसे गेली, ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर पडून गेली. ज्या घरांना आम्ही शाळेत देशी, थंड, निसर्गाशी मिळतीजुळती म्हणत होतो, तीच घरे काळ झाली. त्यानंतर या जिल्ह्यातल्या माणसाला सिमेंटचा खांब पाहून धीर येत असेल, तर त्याला ‘जुन्या वाड्यांची शोभा गेली’ असे कोणत्या तोंडाने सांगावे? दगडाचा दोष नव्हता, बांधणीचा होता, हे तांत्रिक स्पष्टीकरण बरोबर आहे. भीती स्पष्टीकरणाने जात नाही.

म्हणून मी काच की दगड, जुने की नवे, या वादात पडत नाही. मी तुम्हाला तुमच्याच गंजगोलाईकडे पाहायला सांगतो. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्याप्रमाणे १९१७ साली ती गोल, दुमजली इमारत झाली. मधोमध जगदंबेचे मंदिर आणि तिला येऊन मिळणारे १६ रस्ते. कोणत्या रस्त्यावर सराफ, कुठे चपला, कुठे मिरची, कुठे गूळ. गोल इमारतीला पाठ नसते, हे मला आज सकाळी तिच्याभोवती फिरताना प्रथम जाणवले. कोणत्याही रस्त्याने या, तुमच्यासमोर तिचा चेहराच येतो. गूळ विकायला आलेला शेतकरी आणि सोने घ्यायला आलेली सावकारीण यांना ती सारखीच सामोरी येते. निजामाच्या राज्यात लोकांना विचारून ती बांधली असेल, असा माझा भ्रम नाही. विचारले नव्हतेच. पण बाजारपेठेला जे हवे असते ते आराखडा करणाऱ्याने ओळखले होते.

आमच्या नांदेडला याचा वेगळा दाखला आहे. सचखंड हुजूर साहिबला देशभरातून यात्रेकरू येतात. २००८ साली गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीला तर अवघे शहर त्यासाठी उकरले आणि पुन्हा बांधले गेले. लंगरमध्ये जेवायला बसणाऱ्याला कोणी खोली क्रमांक विचारीत नाही. परमुलखातून आलेल्या माणसाला उतरवून घेण्याची ही एक रीत आहे, आणि पैसे घेऊन खोली देण्याची दुसरी. दोन्ही शहरात राहणारच. पहिल्या रीतीमुळे शहरात माणसांचा जो ओघ येतो, त्यावर दुसरीचा धंदा चालतो, एवढे हॉटेलवाल्यांनी विसरू नये. अर्थशास्त्रात मिलपासून ज्याला अनार्जित वाढ म्हणतात ती हीच. रस्ता पालिकेने रुंद केला, स्थानक रेल्वेने बांधले, गर्दी श्रद्धेने आणली, आणि कोपऱ्यावरच्या भूखंडाची किंमत मालकाच्या खिशात गेली. लातूरला तीच वाढ शिकवणी वर्गांमुळे आणि मुलांना पोहोचवायला येणाऱ्या पालकांमुळे झाली आहे. त्या वाढीतला काही वाटा वस्तीला परत मिळावा, ही मागणी भीक नव्हे. दोन हात मोकळा पदपथ, एक झाड, सावलीचा सज्जा, मागच्या बाजूला जाळीच्या खिडक्या, एवढे जरी दिले तरी वाटा परत दिल्यासारखे होईल. प्रत्यक्षात नियम उलट्या दिशेने वाहतात. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत तारांकित हॉटेलांसाठी वाढीव चटई क्षेत्राची सोय होती. आपल्या झोपडीला मात्र एक पत्रा वाढवायला परवानगी नाही.

आणि पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणून लातूरला प्यावे लागले. पहिल्या खेपेला दहा डबे, सुमारे पाच लाख लिटर. राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या माणसामागे दिवसाला १३५ लिटर धरतात, साध्या हॉटेलातल्या पाहुण्यामागे १८० आणि पंचतारांकितमध्ये ३२०. हे आकडे मांडणारा अभियंता दुष्ट नव्हे, त्याने चालीरीती मोजल्या. परंतु मांजरा धरण कोरडे पडते त्या शहरात नव्या हॉटेलच्या नकाशावर ‘पाणी कुठून आणणार’ हा प्रश्न पहिल्या ओळीत असायला हवा. दर्शनी काच धुवायलाही पाणीच लागते, हे त्या इमारतीच्या रूपाविषयी बोलताना कोणी बोलत नाही.

तुम्ही विचाराल, हे विचारायचे कुठे? १९६६ च्या नगररचना कायद्याने विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना घेतल्या जातात, त्याला मुदत असते, सुनावणी असते. पण एका भूखंडावर उभ्या राहणाऱ्या एका इमारतीला परवानगी देताना शेजाऱ्याला विचारण्याची सर्वसाधारण पद्धत आपल्याकडे नाही. नियमात बसले की मंजुरी मिळते. २००९ साली शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आली, खेड्यातल्या ग्रामसभेसारखी. आपल्यापैकी किती जण क्षेत्रसभेला बसले आहेत? हात वर करा म्हणत नाही, मीही बसलेलो नाही. २०२२ नंतर काही वर्षे तर राज्यातल्या बहुतेक महापालिका प्रशासकांच्याच हाती होत्या, आणि अर्ज द्यायला नगरसेवकही नव्हता. तरीही माहितीच्या अधिकारात मंजूर नकाशा पाहता येतो. पायरी कुठवर मंजूर आहे, झाड तोडण्याची परवानगी घेतली होती का, वाहनतळ दाखवला तिथे आता लग्नाचे सभागृह आहे का, या गोष्टी कागदावर तपासता येतात. ‘विद्रूप’ हा शब्द तपासता येत नाही. लोक तो उच्चारतील तेव्हा त्यांच्याजवळ बसून कागद-पेन्सिल घेऊन विचारायचे, बाबा, तुझे नेमके काय गेले?

आमच्या वस्तीत मी हे उशिरा सुरू केले. मुख्याध्यापक आणि मी मिळून नकाशाची प्रत मागवली, आणि पायऱ्या हद्दीबाहेर आहेत हे त्यात स्पष्ट निघाले. नवा अर्ज दिला आहे. या वेळी पहिली सही माझी आहे आणि दुसरी केशकर्तनालयाच्या मालकाची. त्याने दुकानाला बांबूची चटई लावली आहे. दुपारी चारनंतर ती सोडतो, आणि गिऱ्हाईक दाढीला बसले की आरशात समोरचे हॉटेल पूर्ण झाकले जाते. उठलेला चांभार आता माझ्या फाटकापाशी बसतो. परवा मी त्याला विचारले, तुला ती इमारत कशी वाटते? त्याने मान वर करून नीट पाहिली, बहुधा पहिल्यांदाच, आणि म्हणाला, ‘चांगली हाय की, सर. फकस्त बसायला जागा न्हाई.’